संगणकाच्या स्मृतीची तेरीज

१८ मे २००३ रोजी बेल्जियममध्ये संसदेची निवडणूक झाली. ब्रुसेल्स महानगरातील स्कारबेक या नगरात मतदान संगणकाच्या साहाय्याने होत असे. मतदाराचे मत एका चुंबकीय कार्डावर नोंदले जाई आणि त्या कार्डांवरून संगणक बेरीज करी. निकाल हाती आले तेव्हा एका उमेदवाराच्या नावापुढे इतकी मते दिसली, की तितकी मिळणे गणिताच्या हिशेबाने शक्यच नव्हते. मूळ कार्डे पुन्हा वाचण्यात आली. नेमकी ४,०९६ मते जादा धरली गेल्याचे निष्पन्न झाले. तज्ज्ञांनी आज्ञावली बारकाईने तपासली. दोष सापडला नाही. तीच चूक पुन्हा घडवून पाहण्याचा प्रयत्न झाला. ती घडली नाही. अखेर संगणकाच्या स्मृतीतील एक बिट आपोआप उलटले असावे, असा निष्कर्ष काढावा लागला.

४,०९६ हा आकडा का, याचे उत्तर जुन्या मुनिमांना चटकन उमगेल. तेरीज जुळत नसली आणि तफावतीला नऊने निःशेष भाग जात असला, तर कोठेतरी दोन अंकांची अदलाबदल झाली असावी, हे त्यांना पाठ असते. ५४० च्या जागी ४५० लिहिले गेले, तर फरक ९० येतो. संगणकाच्या चुकीचीही अशीच एक खूण असते. तेथे सर्व आकडे शून्य आणि एक या दोनच अंकांत लिहिलेले असतात. उजवीकडून पहिल्या स्थानाची किंमत एक, दुसऱ्याची दोन, तिसऱ्याची चार, अशी ती दुप्पट होत जाते आणि तेराव्या स्थानाची किंमत येते ४,०९६. त्या स्थानावरील शून्याचा एक झाला, की बेरजेत ४,०९६ ची भर पडते. साध्या पूर्णांकाच्या रूपात साठवलेली १०,२५० रुपयांची रक्कम अशा एका उलट्या बिटामुळे १४,३४६ रुपये होईल. शाई सांडलेली नाही, खाडाखोड नाही, हस्ताक्षर बदललेले नाही. आकडा मात्र दुसराच.

आज व्यापारी घराण्यांची कीर्द, खतावणी, मालाचा साठा आणि कराची विवरणपत्रे या सर्वांचा भार ज्या यंत्रावर आहे, त्याच्या स्मृतीचा विचार म्हणूनच केवळ हौशी तरुणांचा विषय राहिलेला नाही.

स्मृती म्हणजे गळका हंडा

संगणकाची कामचलाऊ स्मृती, म्हणजेच बाजारात जिला रॅम म्हणतात ती, अब्जावधी सूक्ष्म धारित्रांची बनलेली असते. प्रत्येक धारित्रात विद्युतभार असला तर एक, नसला तर शून्य. आयबीएम कंपनीतील अभियंते रॉबर्ट डेनार्ड यांना ही रचना १९६६ मध्ये सुचली. १९६८ मध्ये तिचे एकस्वही मिळाले. एक ट्रान्झिस्टर आणि एक धारित्र एवढ्यातच एक बिट मावत असल्याने ही स्मृती स्वस्त झाली आणि घरोघरी पोहोचली.

तिच्यात एक उपजत उणीव मात्र आहे. धारित्रातील भार सतत गळत असतो. गळक्या हंड्यात सारखे पाणी भरत राहावे, त्याप्रमाणे प्रत्येक घर ठरावीक काळात पुन्हा वाचून पुन्हा भरावे लागते. डीडीआर-४ च्या मानकानुसार ही मुदत ६४ मिलिसेकंदांची आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे पंधरा वेळा. उष्णता वाढली की गळतीही वाढते. म्हणून तापमान ८५ अंश सेल्सिअसच्या वर गेल्यास हीच मुदत निम्मी करावी, असे मानक सांगते. १६ जीबी क्षमतेच्या स्मृतीत १३ हजार ७०० कोटींहून अधिक बिटे असतात. इतक्या सर्व हंड्यांची निगा अहोरात्र अचूक राखली जाते, हेच खरे तर आश्चर्य आहे.

वेग कसा मोजतात

रॅमच्या वेष्टनावर ‘डीडीआर-४ ३२००’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ, ती पट्टी सेकंदाला ३२० कोटी वेळा माहितीची देवाणघेवाण करू शकते. प्रत्येक खेपेस आठ बाइट माहिती जाते. ३२० कोटींना आठने गुणले, की सेकंदाला २५.६ अब्ज बाइट ही एका वाहिनीची कमाल क्षमता मिळते. २६६६ वेगाच्या पट्टीसाठी हाच आकडा २१.३ अब्ज येतो. सारख्या दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या तर दोन वाहिन्या एकाच वेळी चालतात आणि क्षमता दुप्पट होते. एकच १६ जीबीची पट्टी घेण्याऐवजी आठ-आठ जीबीच्या दोन घ्याव्यात, असा सल्ला जाणकार देतात तो यासाठीच.

क्षमतेखेरीज दुसरे माप असते विलंबाचे. घाऊक व्यापाऱ्याच्या परिचयाची उपमा द्यायची, तर ट्रकमध्ये किती माल मावतो हे एक आणि मागणी नोंदवल्यापासून पहिले पोते दारात पडेपर्यंत किती वेळ जातो हे दुसरे. वेष्टनावर ‘सीएल १६’ किंवा ‘सीएल १९’ असा जो आकडा असतो, तो या विलंबाशी संबंधित आहे. त्या आकड्याला दोन हजारांनी गुणून वेगाच्या आकड्याने भागले, की विलंब नॅनोसेकंदांत मिळतो. २६६६ वेगाच्या सीएल १९ पट्टीचा विलंब सुमारे १४.२५, तर ३२०० वेगाच्या सीएल १६ पट्टीचा दहा नॅनोसेकंद. ३६०० वेगाची सीएल १८ पट्टी घेतली तर विलंब तोच, दहा नॅनोसेकंद. म्हणजे वेष्टनावरील मोठा आकडा पाहून अधिक पैसे मोजले, तरी विलंब कमी होईलच असे नाही. खरेदीपूर्वी हा गुणाकार-भागाकार कागदावर करून पाहण्यास दोन मिनिटे पुरतात.

हे झाले वेष्टनावरचे माप. प्रत्यक्षात किती पदरात पडते, हे चाचणीनेच कळते. या चाचण्यांपैकी ‘स्ट्रीम’ ही फार जुनी आणि मान्यता पावलेली. जॉन मॅकॅल्पिन या शास्त्रज्ञाने ती १९९१ च्या सुमारास तयार केली. आकड्यांची लांबलचक रांग एकीकडून दुसरीकडे नक्कल करणे, तिला एखाद्या संख्येने गुणणे, दोन रांगांची बेरीज करणे आणि गुणाकार व बेरीज एकत्र करणे, अशी चार साधी कामे ती करून घेते आणि सेकंदाला किती माहिती हलली हे सांगते. घरगुती संगणकावर ‘एडा६४’सारख्या प्रणालीत वाचन, लेखन, नक्कल आणि विलंब असे चार आकडे मिळतात. मोजलेला विलंब दहा नव्हे तर साठ-सत्तर नॅनोसेकंद दिसला, तर घाबरण्याचे कारण नाही. प्रोसेसरपासून पट्टीपर्यंत जाण्यायेण्याचा सर्व प्रवास त्यात धरलेला असतो.

चाचणी घेताना इतर सर्व प्रणाली बंद ठेवाव्यात, ती किमान तीनदा घ्यावी आणि कोणता बदल केल्यानंतर कोणता आकडा आला हे वहीत लिहून ठेवावे. एका वेळी एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले, तर नफा कोणत्या व्यवहारात झाला आणि तोटा कोणत्या, हे जसे कळत नाही, तसेच येथेही होते.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय

जेडेक ही संस्था रॅमची मानके ठरवते. डीडीआर-४ चे मानक २०१२ मध्ये आणि डीडीआर-५ चे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. डीडीआर-४ साठी विजेचा दाब १.२ व्होल्ट ठरवलेला आहे. प्रत्येक पट्टीवर एक छोटी चिप असते. तिच्यात पट्टीची कुंडली लिहिलेली असते. संगणक सुरू होताना ती वाचून मानकात बसणारा एखादा सुरक्षित वेग निवडतो. म्हणून ३२०० ची पट्टी विकत आणूनही ती २१३३ किंवा २६६६ वरच चालत असल्याचे अनेकांना पुढे कळते.

ज्यादा वेग मिळावा यासाठी इंटेलने २००७ मध्ये एक्सएमपी ही सोय आणली. पट्टीच्या कुंडलीतच उत्पादकाने एक वेगवान आराखडा लिहून ठेवलेला असतो. बायोसमध्ये जाऊन तो चालू केला, की वेग, विलंबाचे आकडे आणि विजेचा दाब एकदम बदलतात. डीडीआर-४ मध्ये हा दाब बहुधा १.३५ व्होल्ट असतो. एएमडी कंपनीने २०२२ मध्ये डीडीआर-५ साठी एक्स्पो नावाने अशीच सोय दिली. याच्याही पुढे जाऊन काही हौशी मंडळी प्रत्येक आकडा हाताने बदलतात.

येथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. एका कळीने चालू होणारे एक्सएमपी हेदेखील ओव्हरक्लॉकिंगच होय. पट्टीच्या उत्पादकाने पट्टीची खात्री दिलेली असते. परंतु ती ज्या प्रोसेसरशी बोलते त्याच्या निर्मात्याने तितक्या वेगाची हमी दिलेली असेलच असे नाही. उदाहरणार्थ, इंटेलच्या कोअर आय-५ ९४०० या प्रोसेसरसाठी जाहीर केलेला स्मृतीचा वेग २६६६ आहे. त्याला ३२०० ची पट्टी जोडून एक्सएमपी चालू केले, तर बहुतेक वेळा काम निभावते. मात्र ‘बहुतेक वेळा’ हा शब्द हिशेबाच्या वहीत चालत नाही. शिवाय असा बदल केल्यास प्रोसेसरच्या हमीवर परिणाम होऊ शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

वेगाची परीक्षा आणि खरेपणाची परीक्षा

एक प्रसंग कल्पावा. घाऊक किराणा व्यापाराच्या पेढीवर नवा संगणक आला आहे. अभियांत्रिकी शिकणाऱ्या पुतण्याने तो जुळवला, एक्सएमपी चालू केले आणि वेगाची चाचणी घेतली. आकडे पाहून तो हरखला.

“अण्णा, पूर्वीपेक्षा वीस टक्के जास्त वेग मिळतो आहे.”

“उत्तम. पण लिहिलेले तसेच्या तसे वाचले जाते, हे पाहिलेस का?”

“विंडोज व्यवस्थित सुरू झाले की.”

“दुकान उघडले म्हणजे शिल्लक जुळली, असे नव्हे रे बाळा.”

अण्णांचा प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे. वेगाची चाचणी माल किती लवकर पोहोचला एवढेच पाहते; पोते उघडून आतला माल तोच आहे का, हे ती तपासत नाही. अस्थिर स्मृती असलेला संगणक सुरू होतो, पत्र टंकित होते, चित्रपट दिसतो. आणि आठवड्यातून एखाद्या दुपारी पडदा निळा होऊन तो बंद पडतो. मग दोष विषाणूवर जातो, विंडोज पुन्हा घातले जाते, नवी हार्डडिस्क येते. रॅमवर संशय सर्वांत शेवटी जातो.

बंद पडणारा संगणक निदान तक्रार तरी करतो. जो बंद न पडता चुकीचा आकडा जपून ठेवतो, तो अधिक महागात पडतो. फाइल उघडताना ती रॅममध्ये येते. जतन करताना रॅममधूनच डिस्कवर जाते. मध्येच बिट उलटले, तर चुकीची नोंद डिस्कवर पक्की होते आणि रात्री घेतलेल्या बॅकअपमध्येही तीच नोंद उतरते. मूळ वहीतच चूक झाली असेल, तर दहा नकलांनी ती सुधारत नाही.

स्थैर्याची चाचणी कशी घ्यावी

खरेपणाच्या चाचणीचे तत्त्व अत्यंत सोपे आहे: लिहा, थांबा, वाचा आणि ताळा करा. १९९४ मध्ये ख्रिस ब्रॅडी यांनी ‘मेमटेस्ट८६’ ही प्रणाली या तत्त्वावर तयार केली. आज ती पासमार्क या कंपनीकडून मिळते; ‘मेमटेस्ट८६ प्लस’ ही तिची स्वतंत्र, मुक्त आवृत्तीही विनामूल्य उपलब्ध आहे. कोणतीही घेतली तरी ती अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी.

ही प्रणाली पेन ड्राइव्हवर उतरवून संगणक थेट तिच्यावरूनच सुरू करायचा असतो. विंडोज चालू असताना स्मृतीचा काही भाग ते स्वतःच अडवून बसते. भाडेकरू राहत असलेल्या खोलीची मोजणी जशी अपुरी राहते, तशीच ही तपासणीही अपुरी राहील. पेन ड्राइव्हवरून सुरू केल्यास जवळजवळ संपूर्ण स्मृती मोकळी मिळते. प्रणाली सर्व घरांत शून्य लिहून वाचते, एक लिहून वाचते, एकाआड एक शून्य-एक लिहिते, नमुने उलटे करते, प्रत्येक घरात त्याचाच पत्ता लिहून तो बरोबर परत येतो का हे पाहते आणि अखेरीस यादृच्छिक आकडे भरून ताळा करते. एका परीक्षेत स्मृती भरून काही मिनिटे तशीच सोडली जाते आणि मग भार टिकला का, हे पाहिले जाते. शेजारच्या घरांतील चढउतारामुळे मधले घर बिघडते का, हे शोधण्यासाठी इतके विविध नमुने लागतात.

मेमटेस्ट८६ ची विनामूल्य आवृत्ती चार फेऱ्या करते. १६ जीबी स्मृतीसाठी त्यास काही तास लागतात; म्हणून दुकान वाढवताना चाचणी लावावी आणि सकाळी निकाल पाहावा. निकालाचा नियम एकच: चुका शून्य असल्या पाहिजेत. शंभरात नव्वद गुण मिळाले म्हणून येथे कोणी उत्तीर्ण होत नाही. कोट्यवधी ताळ्यांत एक चूक निघाली, तरी ती रचना नापास समजावी.

एवढ्यावर परीक्षा संपत नाही. मेमटेस्टच्या वेळी प्रोसेसरवर फारसा ताण नसतो. प्रत्यक्ष कामात मात्र प्रोसेसर आणि रॅम दोन्ही तापतात. म्हणून दुसरी परीक्षा ‘प्राइम९५’ची. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये मोठ्या मूळ संख्यांच्या शोधासाठी जगभरातील संगणकांना जोडणारा एक उपक्रम सुरू केला. या गणितात एकच संख्या तपासण्यासाठी संगणक दिवसेंदिवस राबतो, आणि वाटेत एक बिट चुकले तर सर्व श्रम वाया जातात. साहजिकच यंत्र विश्वासार्ह आहे की नाही, हे आधी पाहणे भाग पडले. त्यासाठी जी छळचाचणी त्या प्रणालीत घातली, तीच पुढे जगभर प्रसिद्ध झाली. उत्तर आधीच ठाऊक असलेली गणिते ती संगणकाकडून सोडवून घेते आणि आलेले उत्तर ताडून पाहते. तिच्यातील ‘ब्लेंड’ हा प्रकार रॅमवर विशेष भर देतो. ही चाचणीही काही तास चालू द्यावी आणि चालू असताना प्रोसेसरच्या तापमानावर लक्ष ठेवावे.

ऋतूचाही विचार करावा. डिसेंबरात पहाटे उत्तीर्ण झालेला संगणक मे महिन्यातील दुपारी, पंखा बंद असलेल्या माडीवर नापास होऊ शकतो; कारण उष्णतेने गळती वाढते, हे वर आलेच आहे. म्हणून उन्हाळ्यात एकदा फेरतपासणी करणे शहाणपणाचे. तसेच पट्टी बदलली, जुन्या पट्टीच्या जोडीला वेगळ्या बनावटीची नवी पट्टी बसवली किंवा बायोस अद्ययावत केले, की ताळा पुन्हा करावा. जोडीने विकल्या जाणाऱ्या पट्ट्यांची परीक्षा उत्पादकाने जोडीनेच घेतलेली असते. वेगवेगळ्या वेळी आणलेल्या दोघींचे जमेलच, असे गृहीत धरू नये.

चूक निघाल्यास

चूक निघाली तर प्रथम एक्सएमपी बंद करून मूळ वेगावर तीच चाचणी घ्यावी. आता चूक येत नसेल, तर पट्टी बहुधा निर्दोष आहे. तिच्याकडून मागितलेला वेग तिला किंवा प्रोसेसरला झेपत नव्हता. एक पायरी खाली, म्हणजे ३२०० ऐवजी २९३३ किंवा २६६६ वर यावे आणि पुन्हा तपासावे. विजेचा दाब वाढवून चूक दडपण्याचा मोह टाळावा. मूळ वेगावरही चूक कायम असेल, तर संगणक बंद करून, वायर काढून पट्ट्या नीट बसवाव्यात. मग एकेक पट्टी, एकेका खाचेत बसवून तपासावी. चूक पट्टीबरोबर फिरते की खाचेबरोबर राहते, यावरून दोष कोणाचा हे ठरते. अनेक उत्पादक रॅमसाठी दीर्घ मुदतीची हमी देतात. पावती जपून ठेवलेली असल्यास पट्टी बदलून मिळते. बायोसमधील बदलानंतर संगणक सुरूच झाला नाही, तर बायोस मूळ स्थितीत आणण्याची सोय मदरबोर्डवर असते. माहिती पुस्तिकेत ती दिलेली असते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, चूक सापडल्यावर जुन्या बॅकअपवर नवा बॅकअप चढवू नये. जुना तसाच बाजूला ठेवावा, रॅमचा दोष दूर करावा आणि त्यानंतर हातची शिल्लक, बँकेचा उतारा आणि मालाची प्रत्यक्ष मोजणी यांच्याशी खाती ताडून पाहावीत. स्कारबेकमध्ये सत्य सापडले ते मूळ कार्डे शिल्लक होती म्हणून. पेढीवर ते काम मूळ बिले करतात.

चूक सुधारणारी स्मृती

स्वतःची चूक स्वतः सुधारणारी स्मृतीही असते. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग शनिवार-रविवारी यंत्रावर आपली गणिते लावून जात. चूक आढळली की यंत्र ते काम सोडून पुढच्या कामाकडे वळे आणि सोमवारी हाती काहीच नसे. यंत्राला चूक कळते, तर ती कोठे आहे हेही का कळू नये, या त्राग्यातून त्यांनी चूक सुधारणारी संकेतपद्धती शोधली. १९५० मध्ये ती प्रसिद्ध झाली. डीडीआर-४ च्या ईसीसी रॅममध्ये प्रत्येक ६४ बिटांमागे आठ जादा बिटे ताळ्यासाठी ठेवलेली असतात. एक बिट उलटले तर ते जागच्या जागी सुधारले जाते, दोन उलटली तर निदान इशारा मिळतो. डीडीआर-५ च्या चिपमध्ये अंतर्गत सुधारणेची सोय असते. ती उपयुक्त आहे, तथापि चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर होणारी चूक तिच्या कक्षेत येत नाही.

अशा चुका किती होतात? २००९ मध्ये गूगलच्या सर्व्हरांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांमध्ये किमान एक सुधारता येण्याजोगी चूक आढळली. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सुमारे दहा लाख घरगुती संगणकांच्या बिघाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रोसेसरचा वेग थोडा जरी वाढवला, तरी विश्वासार्हता लक्षणीय घटते. उलट वेग थोडा कमी ठेवला तर ती वाढते, असे त्यांना दिसले. एकदा बिघडलेला संगणक पुन्हा बिघडण्याची शक्यता कितीतरी पटींनी अधिक असते, हेही त्यातून पुढे आले. ‘एकदाच झाले, पुढे पाहू’ असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

यावरून व्यापाऱ्याने घ्यायचा निर्णय अवघड नाही. ज्या एका संगणकावर सर्व पेढीची खाती आहेत, तो मूळ वेगावरच चालवावा आणि नवा घेताना शक्य असेल तर ईसीसी रॅमची चौकशी करावी. बिल करण्याचे काम बरेचदा डिस्कची, नेटवर्कची किंवा छपाईयंत्राची वाट पाहत असते. रॅमचा वेग वीस टक्के वाढल्याने गिऱ्हाईक वीस टक्के लवकर मोकळे होत नाही. जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली, तर फरक डोळ्यांना दिसेल. घरातील मुलांनी खेळासाठी किंवा चित्रफितींच्या संपादनासाठी आपल्या संगणकाचा वेग जरूर वाढवावा. त्यातून यंत्र कसे चालते हे समजते आणि ते ज्ञान पुढे उपयोगीच पडते. अट एवढीच, की वेगाच्या आकड्याशेजारी ताळ्याचा आकडाही लिहिलेला असावा आणि तो शून्य असावा.

स्कारबेकची चूक सापडली, कारण ती मोठी होती. तेराव्याऐवजी चौथ्या स्थानावरचे बिट उलटले असते, तर त्या उमेदवाराला केवळ आठ मते जादा पडली असती. आठ मतांसाठी कोणी कार्डे पुन्हा वाचली नसती, आणि तो आकडा आजही सरकारी दप्तरात खरा म्हणून नोंदलेला राहिला असता.